बाहेर वेल्डिंग चालू आहे

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या खोलीत औषधांची रिकामी खोकी जमतात, तसेच ते जमतात. आज टाकू, उद्या टाकू करता करता कपाट भरतं. मग एखाद्या दिवशी डबा खाताना कोणीतरी म्हणतं, ‘ते मनीषनगरवाले काका आठवतात का?’ की जेवणाची सुट्टी संपली म्हणून समजा.

मी नागपुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. पहिल्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबची खोली माझी. दारावर ‘लाईट थेरपी’ अशी पाटी. पापणीवर किंवा डोळ्याच्या आजूबाजूच्या कातडीवर कॅन्सर होतो, हे पुष्कळांना इथं आल्यावरच कळतं. त्यातला जो अगदी पातळ, वरवरचा असतो, त्याच्यावर कधी कधी कापाकापी न करता इलाज करता येतो. एक मलम लावायचं, वर पट्टी बांधून पेशंटला तीन तास बसवायचं, मग पट्टी काढून त्या जागेवर दहाएक मिनिटं लाल दिवा धरायचा. मलम खराब पेशींमध्ये मुरतं आणि दिवा त्या पेशी मारतो. आठवड्यानं पुन्हा एकदा हेच. मात्र नंतर दोन दिवस त्या जागेवर उजेड पडू द्यायचा नाही. नाहीतर दिव्याचं उरलेलं काम बाहेरचं ऊन करतं आणि चांगली कातडीसुद्धा भाजते.

एवढंच आहे. आमच्या मॅडम, म्हणजे या विभागाच्या डॉक्टर, हे दोन मिनिटांत सांगून मोकळ्या होतात. ते पेशंटच्या कानातून डोक्यात जाईपर्यंत त्याचं काय होतं, ते मला निस्तरावं लागतं.

* * *

सुरुवात पाटीपासूनच होते. नागपुरात लाईट म्हणजे वीज. दवाखान्यातली वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटात कोणी ना कोणी माझ्या दारात डोकावून विचारतंच, ‘ताई, लाईट कधी येते?’

पहिल्या वर्षी मी समजावून सांगायची. हा विभाग वेगळा आहे, इथं पापणीचे इलाज होतात वगैरे. आता सांगते, ‘येतच आहे.’ मग ती येते, आणि लोक माझे आभार मानून जातात.

प्रभाकरभाऊ आमचे अटेंडंट, पुढच्या वर्षी रिटायर होणार. मी एकदा पाटी बदलायचं म्हटलं तर ते म्हणाले, राहू द्या, बाकीच्या विभागांना इतक्या आशेनं कोणी विचारत नाही.

* * *

पेशंटला घरी न्यायला आम्ही सूचनांचं एक कार्ड देतो. त्याची पहिली ओळ होती, ‘४८ तास लाईटपासून दूर राहा.’ मीच लिहिली होती आणि मला ती फार आवडायची.

मनीषनगरचे एक काका, कॉलेजातून रिटायर झालेले, ऐन मे महिन्यात हे कार्ड घेऊन घरी गेले. दोन दिवसांनी तपासायला आले ते दोघांच्या आधारानं. चेहरा लालभडक. मॅडमनी पापणी पाहिली, ती थोडी भाजली होती. बाकीचे काका मात्र पुरते उकडून निघाले होते.

झालं होतं असं की घरच्यांनी कार्ड वाचून फ्लॅटचा मेन स्विचच खाली पाडला. कूलर बंद, पंखे बंद, फ्रिज बंद. दोन दिवस शेजाऱ्यांकडे दूध ठेवलं. पडदे मात्र सताड उघडे, कारण अंधारात काकांना करमेना.

मुलगा इंजिनीअर आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘सिस्टर, इन्व्हर्टरची वायरपन काढून ठेवली होती. रिस्क नाही घेतली आपण.’

* * *

कार्ड बदललं. ‘४८ तास ऊन टाळा.’ या वाक्यात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मॅडम म्हणाल्या.

तो जन्मून पासष्ट वर्षं झाली होती, आणि तो माणूस नव्हता, बाई होती. काटोलकडच्या एक आजी. दुसऱ्या भेटीला आल्या त्या रागातच. दोन दिवस भाकर थंडी, वरण थंडं, आंघोळ थंड्या पाण्यानं. ऊन म्हणून काही तोंडात घातलं नाही की अंगावर घेतलं नाही. चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून फुंकून गार करून प्यायल्या.

मी विचारलं, ‘आजी, बाहेर तर नव्हत्या ना गेल्या?’

‘वावरात गेली होती ना,’ आजी म्हणाल्या. ‘घरात बसून काय करू?’

त्यांच्या तोंडावर पदर होता म्हणून निभावलं. मॅडमनी ते कार्ड माझ्या हातून घेतलं, एकदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

* * *

तिसरं कार्ड मॅडमनी स्वतः लिहिलं. ‘४८ तास चेहरा पूर्ण झाकून ठेवा.’

मॅडम पुण्याच्या. नागपुरात उन्हाळ्यात स्कूटीवर निघालेली कोणतीही बाई चेहरा पूर्ण झाकूनच निघते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आमच्या वेटिंग हॉलमध्ये एका सकाळी सात जणी बसल्या होत्या. सातही जणींच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, वर काळा गॉगल. त्यातली एक आमची पेशंट, बाकीच्या चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या. आमची नेमकी ऐकायला कमी, त्यामुळे नाव पुकारून उपयोग नाही.

प्रभाकरभाऊंनी डोकं चालवलं. मधोमध उभे राहून हाताच्या खुणांनी त्यांनी सगळ्यांना दुपट्टे सोडायला सांगितले.

सातही जणींनी सोडले. आमची पेशंट खिडकीशी, उन्हात बसली होती.

* * *

कार्डाचं असं सगळं चाललेलं असताना देवरावभाऊ आले.

हिंगण्याच्या एमआयडीसीत चाळीस वर्षं वेल्डर. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढा चट्टा, बरा होतो असं वाटायचं आणि पुन्हा खपली धरायचा. रांजणवाडी समजून त्यांनी तो सहा महिने शेकला. आमच्याकडं तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. सुदैवानं वरवरचा.

मी त्यांना लाल दिव्याचं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘चाळीस वर्सं लाईटपासून डोये वाचवले, ताई. आन आता तुमी लाईटच मारता म्हनता.’

सोबत त्यांच्या बायको, सुमनबाई. लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना लिफ्टची भीती वाटते म्हणून दोघं जिन्यानं वर आलेले. देवरावभाऊंना धाप लागली होती, बाईंना नाही. गाडी चालवता का, असं मी फॉर्म भरताना विचारलं तर देवरावभाऊंनी बायकोची तक्रारच मांडली. मोटरसायकलवर मागं बसली की ही सारखी डाव्या खांद्यावर टपल्या मारते. टप टप, टप टप. वीस वर्षं झाली, सवय जात नाही. लय भित्री आहे.

‘भेव लागते तं काय करू मंग?’ सुमनबाई म्हणाल्या आणि खाली फाईल करायला गेल्या.

* * *

त्या खाली गेल्या तेवढ्यात मी देवरावभाऊंची नजर तपासायला घेतली. उजव्या डोळ्यानं त्यांनी हातात दिलेला बारीक अक्षरांचा तक्ता वाचला, हळूहळू, दोन चुका करत. मग मी त्यांना उजवा डोळा झाकायला सांगितलं, भिंतीवरच्या चार्टचा दिवा लावला आणि डाव्यानं वाचायला लावलं.

डाव्या डोळ्यानं ते धडाधड वाचू लागले. ‘ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी.’ शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता. इतक्या वर्षांत इतकं खणखणीत कोणी वाचलेलं मला आठवत नाही.

मी म्हटलं, ‘देवरावभाऊ, आमचा चार्ट मराठी आहे.’

समोर भिंतीवर क होता, त्याखाली ग आणि म. देवरावभाऊंनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला नाही. तसंच त्यांनी विचारलं, ‘कधी बदलला?’

मागच्याच महिन्यात बदलला होता. मला हसू आलं होतं, ते तिथंच राहिलं, कारण त्यांनी हात खाली घेतला तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवेना. बावीस वर्षांपूर्वी ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण डाव्या डोळ्यात गेला होता. कण निघाला, पण हळूहळू नजर गेली. डोळा वरून अगदी चांगला दिसतो, आतून काही नाही. कंपनीत दरवर्षी डोळे तपासायचे. कळलं असतं तर वेल्डिंगवरून काढून गोडाऊनला बसवलं असतं, म्हणून त्यांनी चार्ट पाठ केला. कंपनीचा चार्ट वीस वर्षांत एकदाही बदलला नाही. आणि घरी त्यांनी डोळ्यात कचरा गेला होता, निघाला, एवढंच सांगितलेलं.

म्हणजे माणसाला दिसतं एकाच डोळ्यानं, आणि कॅन्सर त्याच डोळ्याच्या पापणीवर.

‘तिले सांगू नका, ताई,’ ते म्हणाले. ‘आधीच भित्री आहे. गाडीवर बसनंच सोडून देईन.’

* * *

मॅडमना सांगणं भागच होतं, आणि त्याला देवरावभाऊंनी हो म्हटलं. मॅडम फार कमी शब्दांत बोलतात. सुमनबाईंना बाहेर बसवून त्यांनी देवरावभाऊंना सरळ सांगितलं. खात्रीचा इलाज ऑपरेशन. पापणीचा तुकडा कापायचा, वरच्या पापणीचं कातडं खाली ओढून तिथं शिवायचं. ते जीव धरेपर्यंत डोळा काही आठवडे बंद राहील.

‘म्हनजे उजवा?’

‘उजवाच.’

देवरावभाऊंनी हिशेब केला. काही आठवडे पूर्ण अंधार. ‘मंग तं तिले समजलंच,’ ते म्हणाले. कॅन्सरचं काय, डोळ्याचं काय, हे त्यांनी विचारलंच नाही.

चट्टा पातळ होता म्हणून मॅडम लाईट थेरपीला तयार झाल्या, पण एका अटीवर. तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा. त्यात काही उरलेलं निघालं, तर ऑपरेशन आणि मग एक शब्द ऐकणार नाही. दरम्यान त्यांनी बायकोला स्वतः सांगावं.

‘सांगतो ना,’ देवरावभाऊ म्हणाले. ‘मोका पाहून सांगतो.’

* * *

इलाजाच्या दिवसापर्यंत एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मलम लावल्यावर तीन तास पट्टी. पट्टी उजव्या डोळ्यावर. म्हणजे देवरावभाऊंना तीन तास काही म्हणजे काहीच दिसणार नव्हतं, आणि तेही बायकोच्या शेजारी बसून.

त्यांनी विचार करून ठेवला होता. पट्टी बांधल्याबरोबर ते मोठ्यानं म्हणाले, ‘ताई, पेपर द्या बरं एक.’ मी दिला. वेटिंग हॉलच्या बाकावर बसून त्यांनी तो झोकात उघडला. सुमनबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.

पेपर उलटा होता.

मी काउंटरवरून पाहत होते. देवरावभाऊ मान हलवत होते, मधूनच ‘हं’ करत होते, बरोबर दोन मिनिटांनी पान उलटत होते. काहीतरी निमित्त काढून जावं आणि पेपर सरळ करावा म्हणून मी उठले. तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, ‘आवो, द्या इकडं जरा. मले भविष्य पाहाचं आहे.’

त्यांनी पेपर घेतला. आधी स्वतःची रास मोठ्यानं वाचली, मग त्यांची. मग बाजारभाव. मग निधनवार्ता, मग सीताबर्डीतल्या कूलरच्या सेलची अख्खी जाहिरात. देवरावभाऊ मधूनमधून म्हणत होते, ‘मी वाचूनच राहिलो होतो ना.’ बाई तीन तास वाचत राहिल्या. त्यांचं त्या उलट्या पेपरकडं लक्ष गेलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

दिव्याच्या खोलीकडं जायची वेळ झाली तर आणखी पंचाईत. त्यांना हाताला धरून नेलं तर बाई विचारणार. पण बाईच उठता उठता गुडघा धरून म्हणाल्या, ‘माये गुडघे धरले जी. हात द्या मले.’ देवरावभाऊंनी रुबाबात हात पुढं केला. ‘चाल. मी आहो ना.’ आणि बायकोला आधार देत ते अख्खा कॉरिडॉर चालून गेले. वाटेत बेंच आहे, कुंडी आहे, प्रभाकरभाऊंची बादली होती. त्यांना कशाचाही धक्का लागला नाही.

मी मॅडमना म्हटलं, बाईंचे गुडघे पण कोणाला तरी दाखवायला पाहिजेत.

* * *

दिवा सुरू करण्याआधी डोळ्यात बधिर करायचं औषध घालतो आणि पापणीच्या आत धातूची एक छोटी वाटी बसवतो, बुबुळावर उजेड जाऊ नये म्हणून. या वाटीचं नाव काढलं की लोक घाबरतात. देवरावभाऊंनी ती आधी हातात मागितली, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, ‘एसएस दिसते, स्टेनलेस. पॉलिश चांगलं आहे.’

दिवा लागला की त्या जागेची आग होते. कोणी देवाचा धावा करतं, कोणी मला शिव्या देतं. देवरावभाऊ गप्प होते. चौथ्या मिनिटाला म्हणाले, ‘ताई, लाईट दोन सूत खाली आला.’

सूत म्हणजे वेल्डर लोकांचं माप, इंचाचा आठवा भाग. दोन्ही डोळे झाकलेले, एकात वाटी, दुसरा आधीच गेलेला. आमच्या दिव्याचा दांडा ढिला आहे, प्रभाकरभाऊंनी त्याला बँडेज गुंडाळून ठेवलंय, हे खरं. पण दोन सूत? प्रभाकरभाऊंनी टेप आणून मोजलं. दोन सूत.

दिवा वर केला. देवरावभाऊ म्हणाले, ‘आता बरोबर चटका लागून राहिला.’

वाटी काढल्यावर त्यांनी खिशातून कच्च्या बटाट्याच्या दोन चकत्या काढल्या. वेल्डिंगचा उजेड डोळ्यात गेला की वेल्डर लोक रात्री डोळ्यावर बटाटा ठेवून झोपतात म्हणे. मॅडमनी नाही म्हटलं. सुमनबाईंनी त्या चकत्या रुमालात गुंडाळून पिशवीत टाकल्या, भाजीत कामी येतील म्हणून.

मॅडमनी नुसत्या खालच्या पापणीला पट्टी लावून वर काळा चष्मा दिला, म्हणजे चालताना थोडं दिसेल. घरी न्यायला जावई कार घेऊन आला होता. निघताना मी तिसरं कार्ड दिलं आणि आधीच्या दोन कार्डांचं काय झालं तेही सांगितलं.

देवरावभाऊ हसले नाहीत. त्यांना ते कामाच्या ढिलाईचं प्रकरण वाटलं. ‘असं नाही लिवत, ताई,’ ते म्हणाले. ‘असं लिवा, का बाहेर वेल्डिंग चालू आहे. तिकडं पाहाचं नाही. बस. लहान पोराले समजते.’

आणि खरंच समजतं. वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना आईनं डोळ्यावर हात ठेवला नाही असं पोर आमच्याकडं नाही. नवं कार्ड छापलं. ‘४८ तास असं समजा की बाहेर वेल्डिंग चालू आहे.’ त्या दिवसापासून कोणी मेन स्विच पाडला नाही, कोणी गार भाकर खाल्ली नाही. लोक पडदे ओढून घरात बसतात, कामाशिवाय बाहेर पडत नाहीत.

फक्त एकदा नंदनवनवरून एका बाईंचा फोन आला होता. दोन दिवस झाले, पण यांनी अजून खिडकी उघडू दिली नाही. तुमचं वेल्डिंग संपलं का, हे एकदा तुम्हीच यांना सांगा.

* * *

आठवड्यानं दुसऱ्यांदा दिवा झाला. मॅडमनी विचारलं, सांगितलं का घरी? ‘मोका नाही भेटला,’ देवरावभाऊ म्हणाले.

तीन महिन्यांनी तुकडा काढायला आले. सांगितलं का? नातवाचं बारसं निघालं म्हणे मधातच.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागतात. ते आठ दिवस मला वाईट गेले, हे कबूल करते. या खोलीत माझ्या हातून पुष्कळ रिपोर्ट गेलेत, सगळ्यांसाठी असं होत नाही. पण हा माणूस काळोखात उलटा पेपर धरून मान हलवताना मी पाहिला होता. त्याचा तोही डोळा शिवून बंद करायची वेळ यायला नको, एवढंच मला वाटत होतं.

रिपोर्टच्या दिवशी दोघं आले. बाई जिन्यानं आधी वर पोचल्या, मग मागून धापा टाकत देवरावभाऊ. मी बाईंना गुडघ्यांचं विचारलं.

‘कोनते गुडघे?’ बाई म्हणाल्या.

देवरावभाऊंनी पिशवीतून एक लोखंडी क्लॅम्प काढला. घरी बसून बनवला होता. मॅडम रिपोर्टचा लिफाफा फोडत होत्या तेव्हा ते त्यांच्याकडं पाठ करून आमच्या दिव्याचा दांडा कसत होते. पाना दोनदा हातातून निसटला. बँडेज त्यांनी काढून प्रभाकरभाऊंच्या हातात दिलं.

‘काही उरलेलं नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘साफ आहे. ऑपरेशनची गरज नाही. दर सहा महिन्यांनी मात्र दाखवायचं.’

देवरावभाऊ वळले नाहीत. दांडा आणखी अर्धा फेरा कसला, मग म्हणाले, ‘आता नाही सरकत.’ माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पट्ट्यांचं खोकं आवरायला घेतलं. सुमनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘चला मंग. उशीर होऊन राहिला.’

बाई कॉरिडॉरमध्ये गेल्या तशी मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं, ‘सांगितलं?’

‘आता काय गरज आहे, मॅडम?’ देवरावभाऊ म्हणाले. ‘एवढे वर्सं नाही समजलं तिले. उगीच भेव घेईन.’

माझ्या खिडकीतून दवाखान्याचं गेट दिसतं. देवरावभाऊंनी मोटरसायकल काढली, बाई मागं बसल्या, आणि गाडी गेटाशी येऊन रस्त्याला लागायला थांबली. उजवीकडून सिटी बस येत होती. सुमनबाईंनी मान वळवून बसकडं पाहिलं. नीट पाहिलं, आणि हात मांडीवरच राहू दिला. देवरावभाऊंनी बस जाऊ दिली आणि गाडी पुढं घेतली.

डावीकडून एक ऑटो हॉर्न न देता वळला. बाईंचा हात उठला.

टप टप.

गाडी जागेवर थांबली. ऑटो चाकापुढून निघून गेला.

‘काहून भेतं वं एवढी?’ देवरावभाऊ म्हणाले. पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

‘भेव लागते जी,’ सुमनबाई म्हणाल्या आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.